सर्वसामान्यांना न सांगण्याची गोष्ट

वेलचेरी, चेन्नई
३ जून २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. इथल्या उकाड्याने मात्र जीव नकोसा झालाय.

एका पेचात सापडलेय. माझे घरमालक मोहिदीन सर तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. वय एक्याऐंशी, दृष्टी जवळजवळ गेलेली. रोज संध्याकाळी ते सांगतात आणि मी टाइप करते. बाराव्या शतकात स्पेनमध्ये एक काझी होऊन गेला. श्रद्धा आणि बुद्धी एकमेकींच्या वैरिणी नाहीत, असं त्याने मांडलं. त्याच्यावरचं पुस्तक सर तीस वर्षं लिहितायत. पंधरा सालच्या पुरात पहिला खर्डा वाहून गेला, तरी पुन्हा बसले. एवढं झालं की मी मोकळा, म्हणतात.

काझीचं म्हणणं असं, की धर्मग्रंथातलं वचन बुद्धीने सिद्ध केलेल्या गोष्टीशी जुळत नसेल, तर ते शब्दशः घेऊ नये, लाक्षणिक घ्यावं. ऐकायला छान. पण कुठलं वचन लाक्षणिक, हे ठरवायचं कोणी? बुद्धीनेच! म्हणजे दर भांडणात वादीही तीच आणि न्यायाधीशही तीच. मग श्रद्धेने बोलायचं कधी? सरांच्या तिसऱ्या प्रकरणात याला उत्तर नाही, आणि पुढचं सगळं पुस्तक त्याच्यावर उभं आहे.

सांगू का त्यांना? पाच वेळा नमाज पढणारा माणूस. काझीने स्वतःच बजावलंय, की असल्या गोष्टी सर्वसामान्यांना सांगू नयेत. त्यांची श्रद्धा जाते आणि बदल्यात हाती काही येत नाही.

लोभ तर आहेच, या वेळी सल्लाही हवाय.
तुमची,
नीलम

कराड
११ जून २०२५

चि. नीलमला अनेक आशीर्वाद.

तुझ्या काझीने माझंही डोकं फिरवलं. मी भूमिती शिकवणारा माणूस. सिद्धतेतली एक पायरी चुकली तर अख्खं उदाहरण कापायचो. तुझेही मार्क कापले होते, तेव्हा तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. पण ते वहीतलं झालं. इथे एक म्हातारा माणूस तीस वर्षं त्या पायरीवर बसलाय. त्याला उठवून तू बसवणार कुठे? माझं ऐक, गप्प राहा.

इकडे सर्व ठीक. आई गेल्यापासून घर फार मोठं वाटतं, पण देवपूजा नेमाने चालू आहे. शनिवारी संकष्टी. तुझ्या नावाने अभिषेक करीन. काळजी नसावी.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.
तुझे,
बाबा

वेलचेरी, चेन्नई
२२ जून २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

मी गप्प राहिले आणि घोळ घातला. परवा सरांनी तिसरं प्रकरण वाचून दाखवायला सांगितलं. नेमकं ते वाक्य आलं, निवाडा बुद्धीने करावा हे. त्यातली खोट त्यांना खटकू नये म्हणून मी ते गाळून पुढे गेले. बाबा, त्यांना प्रकरण तोंडपाठ आहे! त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, की मी त्यांना सर्वसामान्यांत केव्हा बसवलं. ज्यांना सिद्धता पेलत नाही त्यांच्यासाठी काझीचा तो नियम होता. मला पेलत नाही हे तू कशावरून ठरवलंस, म्हणाले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग सगळं सांगून टाकलं. त्यांनी लगेच बायकोला, म्हणजे अम्मांना, हाक मारून वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला, पाणी मागितलं आणि संध्याकाळची नमाज पढायला गेले. आज तिसरा दिवस, मला खाली बोलावलेलं नाही. अम्मा इडिअप्पम, म्हणजे तांदळाच्या शेवया, वर पाठवतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. त्यांनी नमाज पढली ती उत्तर सापडलं म्हणून की सापडलं नाही म्हणून, हेच मला कळत नाही. त्यांचं पुस्तक मी मोडलं, बाबा.

माझ्यावरची माया कमी करू नका.
नीलम

कराड
१ जुलै २०२५

चि. नीलमला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सरांनी तुला विचारलं ते खरं तर मलाच विचारल्यासारखं वाटलं. चुकीचा सल्ला मी दिला, आणि तो का दिला तेही सांगतो. तुझी आई गेल्यापासून मी देवापुढे दिवा लावलेला नाही. देव एका पंच्यात बांधून स्टीलच्या कपाटात ठेवलेत. इतके नवस, इतकी व्रतं केली त्या बाईने, आणि शेवटी जे व्हायचं तेच झालं. माझ्या बुद्धीला ते पटेना. तुला मात्र दीड वर्ष अभिषेकाच्या थापा मारत आलो. पोर परमुलखात एकटी आहे, तिला तेवढा तरी आधार असू दे, असं वाटलं. म्हणजे मीही तुला सर्वसामान्यांत बसवलं. तुझे सर चिडले, तसं चिडायचा तुलाही अधिकार आहे.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. अभिषेक खोटा लिहिला, पण लिहिताना जड जायचं, म्हणून संकष्टीचा उपास मी खरा करत आलो. दर महिन्याला, चंद्र दिसेपर्यंत. देव कपाटात आणि मी गच्चीवर! कोणासाठी, ते विचारू नकोस. भूमितीत याला उत्तर नाही.

जमलं तर क्षमा कर.
बाबा

वेलचेरी, चेन्नई
८ जुलै २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

काल सरांनी बोलावलं. चेहरा उतरला होता, पण आवाज खणखणीत. आक्षेप बरोबर आहे, म्हणाले. तो तुझ्या शब्दांत घाल, आणि त्याखाली लिही की याचं उत्तर लेखकाला येत नाही. मी न राहवून विचारलं, की मग नमाज? त्यावर ते हसले. बांग झाली की पाय उठतात, तिसरं प्रकरण पुरं झालं का असं तिथे कोणी विचारत नाही, म्हणाले. मला ते पटलं की नुसतं आवडलं, अजून ठरत नाही.

आता माझं ऐका. दिवाळीत आले होते तेव्हा पांघरूण शोधताना मी तो पंचा उघडला होता. देव बघितले आणि तसेच बांधून ठेवले. तुम्ही अभिषेकाचं लिहीत राहिलात आणि मी आभार मानत राहिले. वाटलं, बाबांना एवढं तरी असू दे. तुम्हाला पेलणार नाही, हे मीही परस्पर ठरवून टाकलं होतं.

येत्या सोमवारी संकष्टी आहे. उपास करावासा वाटला तर करा, नाही वाटला तर जेवा. काय केलंत ते मात्र या वेळी खरं लिहा. मीही सोमवारी काही खाणार नाही. का, ते मलाही सांगता येत नाही.

आता काही लपवलेलं नाही. तरी जीव लावाल ना?
तुमची,
नीलम