मीठ घालायच्या आधीचा चंद्र

तीर्थरूप आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, खोलीतला हीटरही दुरुस्त झालाय. तुझा गुडघा काय म्हणतो? बाबा जिना चढताना अजून मध्येच थांबतात का?

आमच्या सरांनी माझा त्या दूरच्या ग्रहाच्या चंद्राचा हिशेब स्वतःच्या नावावर खपवला, हे तुला फोनवर बोलले होते. तो चंद्र सूर्याकडून घेतो त्याहून जास्त उष्णता बाहेर टाकतो, असं त्यात दिसत होतं. त्याच्या पोटात आग आहे म्हणून सरांनी डंका पिटलाय.

आग कसली डोंबलाची! माझी पद्धत तुला माहीत आहे. आधी फक्त सूर्य धरायचा, शेजारच्या अवाढव्य ग्रहाची धग शेवटी मिळवायची. तू भाजीत मीठ शेवटी घालतेस ना, तसं. ती धग धरली की येणारी आणि जाणारी उष्णता बरोबर जुळते. सरांनी मीठ घालायच्या आधीच भांडं पळवलं.

मी मात्र गोड हसून त्यांना चहा करून देत राहिले.

उद्या भरसभेत त्यांचं भाषण आहे. टाळ्या वाजवायला मला पहिल्या रांगेत बसवलंय. मी वाजवीन. मग उभी राहून एवढंच विचारीन, "सर, ग्रहाची धग कुठे धरलीत?"

माझी डिग्री त्यांच्या सहीवर अडलीय, हे बाबांना सांगू नकोस. आणि मला 'जाऊ दे' म्हणून कळवू नकोस. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर टाळ्या थांबलेल्या असतील.

तुझीच,
धाकटी