दौलतरावाची सुई

नागपूर, ऑगस्ट १९७४

माय, तुया पायावर डोकं ठेवून जयभीम.

मी खुशाल आहे. मेसच्या पोया कच्च्या असतात, पन पोट भरते. तुयं गुडघ्याचं दुखनं कसं आहे? शेकतं का नाही?

तुया निरोप भेटला. होय, आपल्या रिठदचा दौलतराव पाटील मायाच वॉर्डात आहे. सकाय-संध्याकाय त्याले सुई मीच देतो.

तू म्हनतं, बोथट सुई खुपस. माय, मलेही तसंच वाटते. आपल्या लहान्या सुखदेवाले साप चावला, तवा बाबानं याची बैलगाडी मांगतली. हा म्हने, "बैल बाटतीन." बाबा सुखदेवाले घेऊन रिसोडच्या रस्त्यानं पयाले, आन् खांद्यावरच लेकरू गेलं.

पन मी रजिस्टर झालेली नर्स आहे. जानून कोनाले इजा केली, तर सरकार नाव काढून टाकते. शपथही घेतली आहे. म्हनून त्याची सुई मी दगडावर घासतो, टोक कुठं अडकते का म्हनून कापसातून ओढून पाहतो, उकयतो, मंगच टोचतो. त्याले मुंगी चावल्यावानीही दुखत नाही.

परवा त्यानं इचारलं, "कोनाची वं तू, पोरी?"

म्या सांगतलं, "सुखदेवाची बहीन."

तवापासून सुई पाह्यली का त्याले दरदरून घाम फुटते. आज ही बदला घेईन, असं त्याले रोज वाटते. "भेऊ नका" एवढं म्हटलं, तरी त्याले झोप लागन.

रोग्याले धीर द्या, हेही आमाले शिकवलं आहे. तेवढं एक काम म्या बाकी ठेवलं.

गुडघ्याले तेल लावत जा.

तुयी लेक,
अंजना