दोन घडांमधला पाला

आबा, सावद्याच्या ज्या रस्त्यावर तुम्ही केळीचे ट्रक भरायचात, तिथे आता केळी खोक्यांत भरायची शेड आहे आणि मी तिथे सुपरवायझर आहे. भरलेला प्रत्येक खोका बंद होण्याआधी तपासायचा, हे माझं काम. फाटकावर पाटी आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवले जात नाही. रंगाऱ्याने त्यातला एक अनुस्वार सोडला होता. तो मी शेजारी उभं राहून द्यायला लावला.

त्या पाटीखालून आत जाताना मी पुन्हा अकरा वर्षांचा होतो. ट्रकमध्ये घड रचलेले आहेत. दोन घडांच्या फटीत मोठ्या माणसाचा हात जात नाही, म्हणून मी आत शिरून सुका पाला कोंबतो आहे. चिकाचे डाग दिसू नयेत म्हणून तुम्ही शाळेचा शर्ट मला उलटा घालून दिला आहे. बाकीच्यांनी लावलेला पाला तुम्ही हाताने दाबून बघायचात, माझा कधीच नाही. त्या दिवशी जीपमधून बालमजुरी तपासणारे साहेब आले. पोरं डबा घेऊन आली आहेत असं म्हणायचं, हे मुकादमाने सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. साहेबांनी विचारलं, "हा इथे काय करतो?" आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "हाऊ मना पोऱ्या शे, साहेब. बठ्ठा पाला यानीच लावेल शे. एक घड हालाव नही." सगळा पाला मीच लावला, हे तुम्हीच सांगून टाकलंत. मुकादमाने कपाळावर हात मारला. तुम्ही माझं कौतुक केलेलं मला तेवढंच आठवतं, आणि त्या शब्दांनीच मी तुमच्यापासून लांब गेलो.

साहेबांनी मला जीपमधून नेऊन धुळ्याच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे दोन वेळचं जेवण होतं, स्वतःची कॉट होती, वह्या होत्या. तुम्ही अधूनमधून भेटायला यायचात आणि फाटकाशी अवघडून उभे राहायचात. मग छातीचं दुखणं आलं आणि तुम्ही गेलात. नववीनंतर मी शाळा सोडली. तरी शुद्ध लिहायला मी तिथेच शिकलो. कायदा बरोबर होता, हे मी कोणालाही सांगेन. फक्त तिथे माझ्यावाचून कोणाचंच काही अडत नव्हतं. ट्रकमध्ये अडायचं. आता खोलीवर संध्याकाळी कुलूप उघडतो तेव्हाही मला हेच आठवतं.

आज दुपारी, फण्या भरणाऱ्या बायकांमध्ये यावलकडची एक बाई आहे, तिच्या शेजारी तिची नऊ वर्षांची मुलगी दिसली. दोन फण्यांच्या मध्ये फोमचा कागद सरकवत होती. कोपरा दुमडू न देता, अगदी हलक्या हाताने. मी म्हणालो, "ताई, उद्यापासून हिला आणू नका."

"मंग कुठी ठेवू तिले? शाळा दुपारीच सुटते. वस्तीत एकटी ठेवू का?" मग बाकीच्या बायकांकडे बघत म्हणाली, "नाहीतर तुम्हीच सांभाळा, साहेब. तुमच्या घरी तरी कोन हाये?"

सगळ्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. या बाईला सकाळची पाळी द्या, मुलीची शाळा सुटेपर्यंत ती घरी पोचेल, असं मालकांना सांगून बघतो म्हणालो. मालक ऐकतील की नाही, मला ठाऊक नाही. मी पाळीला हो म्हणायला नको होतं की मुलीला नाही म्हणायला नको होतं, हेही अजून कळत नाही.

मुलगी हातातला कागद तसाच धरून उभी होती. तिने विचारलं, "मले नीट लावता येत नही का?"

जीपमध्ये बसताना मीही साहेबांना असंच काहीतरी विचारलं होतं, आबा. त्यांनी दार लावून घेतलं. मी तिला म्हणालो, "नीट येतं. सगळ्यांपेक्षा नीट. पण हे तुझं काम नाही." तिने बहुतेक शेवटचंच ऐकलं. कागद ठेवून ती फाटकाबाहेर जाऊन बसली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. त्या मुलीने कागद लावलेला खोका माझ्यासमोर आला. मी तो तपासला नाही. तसाच बंद केला.