कोऱ्या नाण्यांचा निकाल

१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७.
नवी वही, नवं पेन. कारण गंभीर आहे. बायकोनं, सावाकोनं, काल जेवताना जाहीर केलं की या हिवाळ्यात ती बर्फ उपसणार नाही. गुडघे संपले. नोव्हेंबरअखेर सेंदाईला फ्लॅटमध्ये जायचं, आमच्या मुलीच्या, नात्सुएच्या घराजवळ. चौथा मजला, छोटी लिफ्ट. मग म्हणाली, "तुमची नाणी तिथे येणार नाहीत. काय करायचं ते तुम्ही ठरवा. तीस तारखेपर्यंत."
दोन महिने! मला एक आठवडा पुरे. पतपेढीच्या कॅश काउंटरवर अडतीस वर्षं काढलीत, निर्णय घेणं रक्तात आहे.

२ ऑक्टोबर.
यादी करायला घेतली. माझ्याकडे पाचशे येनची स्मारक नाणी सुमारे सव्वीस हजार आहेत. सगळी कोरी. टांकसाळीच्या पिशवीतून थेट प्लास्टिकच्या नळीत, नळीतून खोक्यात. माणसाचा हात लागलेला नाही, माझाही नाही. पांढरे हातमोजे घालून पहिलं खोकं उघडलं. तासभर बघत बसलो. बंद केलं.
सावाकोनं विचारलं, किती झालं? म्हटलं, वर्गीकरण चालू आहे.

५ ऑक्टोबर.
वर्गीकरण चालू. दुसरं खोकं उद्या.

९ ऑक्टोबर. दुपारी.
तोडगा सापडला. सगळा संग्रह शहराच्या वस्तुसंग्रहालयाला दान! अकरा पानी पत्र लिहिलं. 'कुसाकाबे दालन' हे नाव मी सुचवलेलं नाही, फक्त सोबत जोडलेल्या दालनाच्या नकाशात तसं लिहिलंय. प्रकाशयोजना कशी असावी तेही कळवलं. सावाकोला वाचून दाखवलं. ती मुळ्याचं लोणचं घालत होती. चौथ्या पानाला आत गेली, बहुधा भारावून.

१५ ऑक्टोबर.
संग्रहालयातून ओगिवाराबाईंचा फोन. फार नम्र. म्हणाल्या, "समुद्राखालचा सेइकान रेल्वे बोगदा सुरू झाला तेव्हाचं नाणं आमच्याकडे आहे हो, कुसाकाबेसान."
मी विचारलं, किती?
"एक."
माझ्याकडे एकोणीसशे आहेत, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लोक एकच बघतात ना."
सरकारी माणसं. जबाबदारी म्हटली की घाबरतात.

२२ ऑक्टोबर.
आता व्यवहाराची भाषा. नाण्यांचे व्यापारी हिराबायाशि निइगाताहून गाडी घेऊन आले. वरच्या खोलीत नेलं. कपाट उघडलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. साहजिक आहे.
मग म्हणाले, "पाचशेला पाचशेच मिळतील, आजोबा. आणि ते बँकेत. मी घेणार नाही."
मी म्हटलं, अहो, पण कोरी आहेत.
"सगळ्यांचीच कोरी आहेत. सगळ्यांनीच जपून ठेवली. वापरायला कुणी घेतलीच नव्हती." वर विचारतात, त्यांच्या गोदामात चार पेट्या पडून आहेत, मला हव्यात का?
दोन संत्री खाल्ली, बाथरूमला जाऊन आले, गेले.

२३ ऑक्टोबर.
रात्रभर विचार करून निष्कर्ष: बाजार सध्या मंदीत आहे. दहा वर्षं थांबायला हवं. तेव्हा मी सत्त्याऐंशीचा असेन. घाई नाही.
सावाकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आज तेवीस तारीख." तारखेचा संबंध कळला नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार.
वारसा! हे आधी का सुचलं नाही? नात्सुएला फोन केला. म्हटलं, पोरी, तुझा बाप तुला काहीतरी देतोय.
"नाणी ना? बाबा, नको. खरंच नको."
म्हटलं, नीट विचार कर. सेइकान बोगद्याची तर जशी आली तशी आहेत, छत्तीस वर्षं.
ती म्हणाली, "मी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ओकिनावाची ट्रिप होती. तुम्ही म्हणालात, या महिन्यात पैसे नाहीत. सगळा बँड गेला. मी आणि पाय मोडलेली एक मुलगी, दोघी वर्गात बसून राहिलो. ते वर्ष बोगद्याचं होतं, बाबा. मला माहीत होतं तेव्हाही."
तिची स्मरणशक्ती उत्तम आहे. माझ्यावर गेली आहे.
त्या वर्षी बोनस खरंच पूर्ण गुंतलेला होता. खोटं काही बोललो नव्हतो.

३१ ऑक्टोबर.
पावसाळी हवा. कपाट उघडलं नाही. पाठ दुखत होती.

६ नोव्हेंबर.
नवा मार्ग: वापरून टाकायची. शेवटी पैसाच आहे. हातमोजे घालून सुपरमार्केटला गेलो. टोफू, पातीचा कांदा, दोन नाणी. काउंटरवरच्या बाईंनी नाणं उलटसुलट केलं, दिव्याखाली धरलं आणि विचारलं, हे कुठल्या देशाचं? मॅनेजर आले. त्यांनी वरच्या मॅनेजरला बोलावलं. मागे सात माणसांची रांग. मी बोगद्याची लांबी सांगितली, त्रेपन्न किलोमीटर. कुणी दाद दिली नाही.
अखेर घेतली. सुट्टे म्हणून दहा येनची काळी पडलेली नाणी हातात आली. हातमोजे खराब झाले.
घरी सांगितलं तर सावाको हसायला लागली. इतकी, की तिला जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं. मग डोळे पुसत राहिली. भात टाकायचा म्हणून उठली, तरी डोळे पुसतच. बऱ्याच दिवसांनी मूडमध्ये दिसली.
हिशेब केला: रोज दोन नाणी या वेगानं पस्तीस वर्षं लागतील. पद्धत चांगली, वेग वाढवायला हवा.

७ नोव्हेंबर.
गेलो नाही. ती रांग आठवली.

१७ नोव्हेंबर.
सावाकोची बांधाबांध. एक ट्रंक, शिलाई मशीन, लोणच्याची बरणी. चाळीस मिनिटांत आटोपली. मी म्हटलं, माझे हिवाळी कपडे राहिले. ती म्हणाली, "ते खालच्या ड्रॉवरमध्ये आहेत. जाड मोजे उजवीकडे."
किती बारीक लक्ष असतं तिचं.

२९ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.
अंतिम निर्णय: निर्णय एक आठवडा पुढे. तिला सांगितलं, तू हो पुढे, मी सगळं मार्गी लावून येतो. ती "बरं" म्हणाली. भांडली नाही. समजूतदार बाई आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार.
टेम्पो नऊला आला. वारा भयंकर, समुद्राकडचा. गाडीत बसताना म्हणाली, "जेवत जा." मी म्हटलं, आठवड्याचा तर प्रश्न आहे.
दुपारी शेजारच्या बाईंनी विचारलं, सावाकोसान गेल्या का? म्हटलं, फ्लॅट लावायला पुढे गेली आहे.

८ डिसेंबर.
बर्फ. दारासमोरचा उपसायला गेलो. घसरलो. पाठीवर पडून राहिलो, साधारण दहा मिनिटं. वर पांढरं आकाश, फार स्वच्छ, अगदी कोरं. हाडं शाबूत आहेत.
तिथे पडल्यापडल्या ठरवलं. बँक.

१२ डिसेंबर, गुरुवार.
टॅक्सीच्या पाच खेपा. ड्रायव्हरनं तिसऱ्या खेपेला विचारलं, दगड आहेत का? चौथ्या खेपेनंतर काही विचारलं नाही.
बँकेतल्या बाईंनी सांगितलं, नळ्या फोडून ट्रेमध्ये ओता. मोजणावळ वेगळी पडेल. मी विचारलं, मशीनऐवजी हातानं, सावकाश मोजता येतील का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं, आणि फार हळुवारपणे म्हणाल्या, "मशीन काही करत नाही त्यांना, आजोबा."
करतं. मी ऐकलं. खडखडाट होत होता, गारांसारखा. ट्रेमध्ये पडताना एकमेकांवर घासत होती. काहींना मशीननं ओळखलंच नाही. ती त्या बाईंनी नुसत्या बोटांनी उचलून बाजूला केली.
शेवटची नळी फोडताना मी हातमोजे काढले. माझी नाणी इतकी गार आहेत. हे मला माहीत नव्हतं.
साडेचारला घरी. कपाट रिकामं. अभिमान वाटतोय. अडतीस वर्षं कॅशमध्ये काढलेल्या माणसालाच हे जमावं.

१३ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी १०.
सावाकोला फोन केला. म्हटलं, झालं! एकही उरलं नाही. उद्याची गाडी पकडतो. दुपारपर्यंत पोचेन.
ती म्हणाली, "जेवलात का?"
म्हटलं, जेवणाचं काय, मी येतोय.
मग तिनं सांगितलं. फ्लॅट एका माणसापुरताच आहे. एकच खोली. करार तिच्या एकटीच्या नावावर आहे, सप्टेंबरमध्येच केलाय.
सप्टेंबर म्हणजे ही वही घेण्याच्या आधी.
मी विचारलं, मग तीस तारखेपर्यंत ठरवा, असं मला का सांगितलंस?
"तुमच्यामागे नात्सुएला एकटीला ते सगळं उपसायला लागू नये म्हणून."
आवाजात राग नव्हता. मागे किटली वाजत होती. ती म्हणाली, "चांगलं केलंत हो. दमला असाल." आणि फोन ठेवला.
तसं बरोबरच आहे. एका खोलीत दोघांची अडचण झाली असती.
दुपारी बर्फ थांबला. जाड मोजे घातले. उजवीकडेच होते.
भात लावला. सवयीनं दोघांचा झाला.