रक्तगट दोनदा विचारावा

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न, धंद्याने प्रोग्रॅमर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्याच कीबोर्डवर, पूर्ण शुद्धीत आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याची चिठ्ठी हृदयाच्या डॉक्टरांनी दिली आहे. तशीच चिठ्ठी त्यांनी हृदयाबद्दल दिली असती तर हा खटाटोप करावा लागला नसता.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. काळजीचे काही कारण नाही असे डॉक्टर म्हणतात. मीही आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आले, आणि सांगण्यापूर्वी सगळ्या जुन्या कामाची एक प्रत गुपचूप काढून ठेवत आले. हे मृत्युपत्र त्यातलाच प्रकार समजावा. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास त्याने ते काढून दाखवावे.

कलम १. घर. राहते घर, त्यातील सर्व सामानासह, माझ्या यजमानांना मिळावे. त्यांचा उल्लेख मी लग्नापासून 'हे' असाच करत आले आहे आणि वकीलबाईंनी नाक मुरडले तरी इथेही तसाच करणार आहे. हे शाळेत गणित शिकवत. निवृत्त झाल्यापासून ह्यांना यंत्रे विकत घेण्याचा नाद लागला. खिडकीत उभे राहून बाहेर ऊन आहे का, असे हे टेबलावरच्या बोलक्या डब्याला विचारतात. डबा सांगतो तेव्हा ह्यांना पटते. त्याबद्दल माझी तक्रार नाही; माझ्या सांगण्यावर तरी ह्यांचा विश्वास कुठे चटकन बसत असे.

मात्र एक अट आहे. गेल्या वर्षी ह्यांनी दिवाणखान्यात हुकूम केल्यावर लागणारे दिवे बसवले. एका संध्याकाळी इंटरनेट बंद पडले आणि आम्ही दोघे शिकली-सवरलेली माणसे अंधारात बसून त्या दिव्यांच्या विनवण्या करत होतो. शेवटी मी इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीवरची बटणे परत बसवून घेतली. ती काढू नयेत. ज्या वस्तूला बंद कसे करायचे हे पाहुण्याला विचारावे लागत नाही, तीच वस्तू चांगली, असे माझे मत आहे, आणि ते घराबरोबर ह्यांच्याकडे जात आहे.

कलम २. शिल्लक. बँकेतील ठेवींपैकी अर्धा भाग ह्यांना व अर्धा माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, मिळावा. भाचीही प्रोग्रॅमर आहे. माझ्यापेक्षा हुशार आहे, हे तिला मी कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. ती एका मोठ्या कंपनीत आहे. दरवर्षी तिचे पद लांबते आणि झोप आखडते. मागे जेवायला आली होती तेव्हा मी विचारले, "सध्या काय लिहितेस?"

"आत्या, लिहीत नाही गं काही. मीटिंगा घेते."

"कशाबद्दल?"

"पुढच्या मीटिंगांबद्दल."

हसली, पण ताटातले तसेच टाकून उठली. माझी इच्छा अशी की या पैशावर तिने एक वर्ष नोकरी सोडावी आणि स्वतःला वाटेल ते बनवावे, नाहीतर नुसते लोळावे. तिने तेच पैसे टाकून नवा फोन घेतला तर मी काही करू शकत नाही, पण वाईट वाटेल. नोकरी बदलल्याशिवाय पगार वाढत नाही, असे तिच्या वयाची मुले म्हणतात, आणि ते खरे आहे. पण सारखी नोकरी बदलणाऱ्याला स्वतःची चूक मोठी झालेली कधी बघायलाच मिळत नाही. ती मागून येणाऱ्याच्या गळ्यात पडते. मी एकाच कामाला चिकटून राहिले, त्यामुळे माझ्या सगळ्या चुकांची नि माझी चांगली ओळख आहे.

कलम ३. हत्यारे. माझा जाड, खडखडणारा कीबोर्डही भाचीलाच द्यावा. त्याच्या आवाजाने घरातली माणसे हैराण झाली, पण बोटाखाली कळ दाबली गेली की नाही हे त्याच्याइतके स्पष्ट कोणी सांगत नाही. बारीक स्क्रूड्रायव्हरांचा संच आणि भिंगाचा दिवा कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला द्यावा. कंपन्यांनी फोन डिंकाने चिकटवून विकायला सुरुवात केली तेव्हापासून तो आणि मी एका पक्षात आहोत. माझा फोन त्याने तीनदा वाचवला. प्रत्येक वेळी तो म्हणाला, "ताई, कंपनी म्हणते नवीन घ्या. आपण आधी उघडून तर बघू." डॉक्टरांनी मला तपासले तेव्हा मला त्याचीच आठवण झाली.

तारांचा खण. त्यात सगळ्या मेलेल्या यंत्रांचे चार्जर आहेत. कधीतरी लागेल म्हणून मी एकही टाकला नाही आणि एकही कधी लागला नाही. ह्यांनी तो खण न उघडता भंगारवाल्याला द्यावा. उघडला तर हेही सगळे ठेवून घेतील.

कलम ४. प्रिंटर. वरच्या मजल्यावरील दंतवैद्यांस द्यावा. जिन्यात भेटले की ते म्हणायचे, "तुम्ही कॉम्प्युटरमधल्या ना? जरा आमचा प्रिंटर बघून जा." मी इतकी वर्षे बघत आले. माझी दाढ दुखली तेव्हा मात्र त्यांनी जिन्यात बघितली नाही, दवाखान्यात बोलावून बिल लावले. माझाही प्रिंटर चालत नाही.

कलम ५. खाती व आवाज. माझ्या खात्यांचे परवलीचे शब्द वकीलबाईंकडे बंद लिफाफ्यात आहेत. पत्रव्यवहाराचे खाते काही महिने चालू ठेवावे, बाकीची बंद करावीत. माझ्या वाढदिवशी माझ्याच फोटोवर 'हॅपी बर्थडे' लिहिणारे लोक मला नकोत. तसेच माझे जुने निरोप आणि आवाज कुठल्याही बोलक्या प्रोग्रॅमला पाजून त्याच्याकडून माझ्यासारखे बोलवून घेऊ नये. ह्यांना तो मोह होईल, म्हणून ह्यांना मुद्दाम सांगते: तो तुमचे सगळे ऐकून घेईल आणि कधी भांडणार नाही. त्यावरूनच ओळखा की ती मी नव्हे.

कलम ६. रक्तपेढीचा प्रोग्रॅम. मागची सगळी कलमे भाची नाहीतर हे निस्तरतील. मृत्युपत्र करायला बसले ती खरी या कलमासाठी.

हा प्रोग्रॅम मी आणि माझ्या धाकट्या भावाने दोन खोल्यांच्या ऑफिसात लिहिला. आज तो लहानमोठ्या बऱ्याच रक्तपेढ्यांत चालतो. सोमवारी मला जिथे नेणार आहेत त्या रुग्णालयाच्या रक्तपेढीतही तोच आहे. रक्ताची पिशवी खोलीबाहेर जाण्यापूर्वी तो तिथल्या माणसाला तिच्यावरचा रक्तगट विचारतो. उत्तर टाइप केले की पडदा कोरा होतो आणि तो पुन्हा तेच विचारतो. पहिले उत्तर तो दाखवत नाही, कारण दाखवले की माणूस तेच वाचून टाइप करतो. दाखवले नाही की मान वळवून पिशवीकडे पुन्हा बघावेच लागते. हा दुसरा प्रश्न माझा. त्यापायी मी रक्तपेढ्यांतल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत आणि खुशाल खाल्ल्या आहेत.

भावाला तो प्रश्न पहिल्यापासून नको होता. "ताई, लोक कंटाळतात. दुसऱ्यांचा प्रोग्रॅम एका बोटात काम करतो. आपण माणसांवर विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे."

"विश्वास आहे रे. म्हणूनच तर त्यांनाच परत विचारते."

एकदा मी गावाला गेले असताना त्याने मला न सांगता तो प्रश्न काढून टाकला. मी परत येईपर्यंत कुठेही काहीही बिघडले नाही, हे मला मान्य आहे. त्याचे म्हणणे तेच होते: बघ, काही झालं नाही. माझे म्हणणे असे की काही होऊ नये म्हणूनच तो प्रश्न आहे, आणि काही झाल्यावर ही चर्चा करायला मी बसणार नव्हते. आल्या आल्या मी तो परत घातला. भावाने त्याच आठवड्यात आपला हक्क मला लिहून दिला, खुर्ची उचलली आणि पावले मोजणारी घड्याळे विकणाऱ्या कंपनीत गेला. ती घड्याळे माणसाला उठा, चाला म्हणून दिवसभर टोचत राहतात. म्हणजे एकदा सांगून भागत नाही हे तिथे तरी त्याला कळले असावे. या गोष्टीला बारा वर्षे झाली. कोणाच्या लग्नात समोरासमोर आलो की एकमेकांची तब्येत विचारतो. तीही एकदाच.

तर प्रश्न असा, की माझ्यामागे हा प्रोग्रॅम कोणी बघायचा? भाचीला विचारले. ती म्हणाली, "आत्या, मला जमेल, पण मला नको. रक्तपेढ्यांचा तो फोन रविवारीसुद्धा वाजतो." खरे बोलली याचे मला बरे वाटले. उरली ती रुग्णालयांना प्रोग्रॅम विकणारी एक मोठी कंपनी, जी हा प्रोग्रॅम अधूनमधून विकत मागते. त्यांच्या विक्री अधिकाऱ्याला मी सरळ विचारले, "दुसरा प्रश्न ठेवाल का?" मुलगा गोड आहे. म्हणाला, "मॅडम, आम्ही सगळं सोपं करतो." म्हणजे नाही.

तरीही मी असे लिहून ठेवते की माझ्या मृत्यूनंतर हा प्रोग्रॅम सर्व हक्कांसह त्या कंपनीला विकावा. मला हे मनापासून नको आहे. पण प्रोग्रॅम म्हणजे कपाटात ठेवून द्यायची वस्तू नव्हे. त्याच्यामागे फोन उचलणारे जिवंत माणूस लागते. माणूस नसलेल्या चांगल्या प्रोग्रॅमपेक्षा माणूस असलेला बरा प्रोग्रॅम रोग्याच्या जास्त उपयोगाचा आहे.

कलम ७. साक्षीदार. वकीलबाईंनी सांगितले, "साक्षीदार असा आणा की ज्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. मिळत असेल आणि त्याने साक्ष केली, तर ते त्याच्या हातचं जातं." मला ताबडतोब धाकटा भाऊ आठवला. जगात त्याच्याइतका लायक साक्षीदार नाही. भाचीकडून निरोप धाडला आहे. दुसरे साक्षीदार वकीलबाईंच्या ऑफिसातले टंकलेखक.

येथे टंकलिखित मजकूर संपला.

यापुढील मजकूर मी वकीलबाईंच्या ऑफिसात, त्यांच्याच पेनाने, माझ्या हस्ताक्षरात लिहीत आहे. चालू कामात शुक्रवारी दुपारनंतर बदल करायचा नाही, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. तो आज मोडला.

भाऊ वेळेवर आला. केस पार पिकले आहेत त्याचे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण समोर आलेले कागद न वाचता सही करणे आमच्या घरात कोणाला जमत नाही. प्रिंटरच्या कलमाला तो हसला. कलम सहा त्याने सावकाश वाचले आणि पेन खाली ठेवले.

"मी सही करणार नाही."

"अहो, तुम्हाला फक्त साक्ष करायची आहे," वकीलबाई म्हणाल्या. "मजकूर पटायलाच हवा असं नाही."

"साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही ना?"

"नाही."

"मग मी साक्षीदार होत नाही. तो प्रोग्रॅम मला हवाय."

मी पाणी मागितले. टंकलेखकांनी पाणी आणून दिले. पाणी पिऊन झाल्यावर मी विचारले, "आणि दुसरा प्रश्न?"

"राहील."

"पटला तुला?"

"नाही पटला. आजही नाही पटत." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण सोमवारी तुला रक्त चढवणार आहेत."

मी कंपनीचे नाव खोडून त्याचे लिहायला घेतले, तर त्याने कागदावर हात ठेवला. "मेल्यावर कशाला देतेस? सोमवारी तू टेबलावर असणार. त्याच वेळी रक्तपेढीतून फोन आला, तर उचलणार कोण?"

मी सगळ्या गोष्टींची व्यवस्था लावली होती आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी पर्स उघडून कामाचा फोन काढला आणि त्याच्या हातात दिला. प्रोग्रॅमचा हक्क आजच त्याच्या नावे करून देण्याचा वेगळा कागद वकीलबाईंनी लगेच तयार केला. त्यावर सही झाली. मग त्या म्हणाल्या, "जे जिवंतपणी देऊन टाकलं ते मृत्युपत्रात उरत नाही. आता तुम्हाला साक्षीदार व्हायला काही आडकाठी नाही."

म्हणून कलम सहा मी याद्वारे रद्द करत आहे. बाकी कलमे आहेत तशी राहतील.

सह्या थोड्या उशिरा होत आहेत. फोन त्याच्या हातात जाऊन थोडा वेळ झाला नाही तोच वाजला, आणि पहिला साक्षीदार दाराशी उभा राहून बोलतो आहे. मला इथवर ऐकू येते आहे: "हो, बरोबर आहे ते, बिघडलेलं नाही. तो परत विचारतोच. नाही, पडद्याकडे नका बघू. पिशवीकडे बघा आणि परत टाइप करा. मी थांबतो."

आम्हीही थांबलो आहोत.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) धाकटा भाऊ. सदर बाईंनी माझ्यासमोर, शुद्धीत सही केली. या मृत्युपत्राने मला काहीही मिळत नाही.

साक्षीदार दुसरा: (सही) टंकलेखक, वकीलबाईंचे ऑफिस. वरीलप्रमाणे.

ठिकाण: वकीलबाईंचे ऑफिस, दुसरा मजला.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा शुक्रवार, संध्याकाळ.