येतो हं आम्ही

रविवार, ५ ऑक्टोबर २००३

पोचलो एकदाचे! आयसेलिनहून निघताना सीमाकाकूंनी डिकीत इतके डबे कोंबले की माझी उशी मला मांडीवर घेऊन बसावं लागलं. लग्न होऊन इथे आल्यापासून आम्ही काकूंच्याच वरच्या मजल्यावर राहत होतो, त्यामुळे निरोप घेताना दोघींचेही डोळे भरले. आणि त्यात आमचे सुशांतराव काय म्हणाले असतील? "चला काकू, जातो." झालं! काकूंनी त्याला फाटकातच झापलं, की मेल्या, जातो काय म्हणतोस, येतो म्हणावं. मग मोर्चा माझ्याकडे. तू आता दोन जीवांची आहेस, नुसतं येते म्हणायचं नाही, 'येतो आम्ही' म्हणायचं. मी पोटावर हात ठेवून अगदी शहाण्या मुलीसारखं म्हटलं, येतो हं आम्ही.

सुशांतचा नवा प्रोजेक्ट इथून जवळ आहे म्हणून हे घर घेतलं. हडसन नदीच्या काठचं टीचभर गाव, आणि घर म्हणजे नुसता दगड! तीनशे वर्षांचं आहे म्हणे. मालक फ्लोरिडात, त्यामुळे कटकट नाही. खाली स्वयंपाकघरात एवढी मोठी जुनी चूल आहे की मी आत उभी राहू शकते. धुराडं मात्र विटांनी बुजवलंय. चुलीमागे एक छोटी खोली, उत्तरेला एकच खिडकी, आत बर्फासारखं गार. तिथे खोके टाकून दिले. वरची खोली उन्हाची आहे, ती बाळाची. मागच्या अंगणातल्या झाडांनी असे काही रंग काढलेत की सुशांतसुद्धा लॅपटॉप सोडून बघत बसला. बाळ फेब्रुवारीत. तोवर आई येईलच नागपूरहून. मजेत आहे मी!

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मला काम मिळालं! म्हणजे फुकटचं. माझ्या व्हिसावर पगार घेता येत नाही, सेवा करता येते. इथल्या इतिहास मंडळाच्या डोरथीबाई सत्तरीच्या आहेत, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. मी वकिलाची मुलगी आहे आणि बाबांच्या ऑफिसात जुने कागद तपासून जमिनीचे सर्च काढायचे, हे कळल्यावर त्यांनी मला जवळपास ओढतच नेलं.

त्यांना एका घराण्याचा माग काढायचा आहे. एतियेन गार्नो नावाचा फ्रेंच प्रोटेस्टंट. धर्मापायी राजानं छळलं म्हणून देश सोडून पळाला, जर्मनीत राहिला, मग इथे आला आणि नदीपासून डोंगरापर्यंत जमीन मिळवली. आमचं घर म्हणजे त्याचंच घर! त्याच्या दोन्ही मुलांना मूलबाळ नव्हतं, त्यांनी सगळं परक्यांना विकलं. राहिली एक मुलगी, एस्तेर. तिचा पत्ताच लागत नाही.

पण गंमत पुढेच आहे. जितकी खरेदीखतं वाचली, त्या प्रत्येकात एक वाक्य आहेच. घर विकलं, पण चुलीमागची खोली आणि मागची दफनाची जागा एस्तेर येईल तेव्हा तिची. मी डोरथींना म्हटलं, आमच्याकडे सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून रकाना असतो, हा त्यातला बोजा आहे. तीनशे वर्षांत कुणी कमी करायची तसदी घेतली नाही, एकानं लिहिलं ते पुढच्यानं उतरवून घेतलं. सरकारी कारभार सगळीकडे सारखाच बाप्पा!

रविवार, २६ ऑक्टोबर, पाडवा

आईचा व्हिसा नाकारला. मुंबईला जाऊन रांगेत उभी राहिली बिचारी, दोन मिनिटांत परत पाठवली. फोनवर ती रडली नाही म्हणून मीच रडले. मला विमानानं जायला डॉक्टर नाही म्हणतात. म्हणजे पहिलं बाळंतपण आणि माहेर नाही. सुशांत म्हणाला, यार, हॉस्पिटल एकदम बेस्ट आहे. हॉस्पिटल डोक्याला तेल घालतं का?

दुपारी डोरथी आल्या, मला रडवेली बघून दफनाच्या जागेवर घेऊन गेल्या, दगडावरची अक्षरं वाचायला. अंगणामागे, फाटकाकडे जायच्या वाटेला लागूनच, बुटक्या भिंतीच्या आत पाचसहा दगड. एक एतियेनचा, शेजारी बायको सुझान. मी तिच्या दगडाकडे बघत राहिले. हिची लेक आली नाही, माझी आई येऊ शकत नाही. काय वाटलं कोण जाणे, डोरथींसाठी बरोबर घेतलेल्या फराळाच्या डब्यातली एक करंजी काढून दगडावर ठेवली. निघताना सवयीनं तोंडातून गेलं, येतो हं आम्ही.

डोरथींनी विचारलं, काय म्हणालीस? मी तिथेच उभी राहून, पोटावर हात ठेवून त्यांना इंग्रजीत सांगितलं, आम्ही दोघं येतो असं म्हणाले. आमच्याकडे लेक माहेराहून निघताना असंच सांगते. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. जरा हलकं वाटलं मला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चुलीमागची खोली गरम झाली आहे. हीटरचा पाइप तिथे जात नाही. सुशांत म्हणतो इन्सुलेशन, भिंती ऊब धरून ठेवतात. ज्याचं कारण माहीत नाही ते सगळं याच्या मते इन्सुलेशन. वास पण येतो, लाकडाच्या धुराचा. छान वास आहे खरं तर. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात ना, तसा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज मी खूप भांडले सुशांतशी. आईची जुनी सुती साडी दुपट्यांसाठी जपून ठेवली होती. ती फाडलेली सापडली. वेडीवाकडी नाही, लांब लांब अरुंद पट्ट्या काढून. म्हटलं, फरशी पुसायला घेतलीस का रे? तो शपथेवर नाही म्हणाला. मग मी पट्टी उजेडात धरली. कडा हातानं दुमडून शिवलेल्या होत्या. इतकी बारीक टीप मला जन्मात जमणार नाही, आणि सुशांतला बटण लावता येत नाही.

डोरथींना दाखवल्या. त्या खूश! जुन्या काळी इथे बाळांना अशाच पट्ट्यांत घट्ट आवळून ठेवायचे म्हणाल्या, तू कुठे शिकलीस? मला घाम फुटला. पट्ट्या घडी करून पिशवीत टाकल्या.

मंगळवार, ९ डिसेंबर

वादळात खूप बर्फ पडला. आज रस्ता मोकळा झाला, तेव्हा डोरथींबरोबर कौंटीच्या कचेरीत गेले. आतापर्यंत एतियेनच्या मृत्युपत्राचा कुणीतरी केलेला सारांशच वाचला होता. आज मूळ वाचलं, इंग्रजीतलं. 

त्यात लिहिलंय, माझी मुलगी एस्तेर पोटुशी असताना नदीपलीकडे गेली. निघताना तिनं आईला शब्द दिला, आम्ही दोघं येतो. ती येईल तेव्हा चुलीमागची खोली तिची. तिचं मूल त्याच खोलीत जन्माला येईल, माझं नाव लावील आणि या घरातच राहील. त्यानंतर आईनं राहावं की जावं, ही तिची मर्जी.

आम्ही दोघं येतो. तेच शब्द. मी तिथे उभी राहून, पोटावर हात ठेवून म्हटले होते. त्यांना कळेल अशा भाषेत, आणि वर साक्षीला डोरथी. कुठल्या मूर्खपणानं बोलले मी!

नदीपलीकडच्या चर्चच्या नोंदवहीत एस्तेर सापडली हे डोरथींनी परतताना गाडीत सांगितलं. बाळंत व्हायच्या आधीच वारली. म्हणजे ती आलीच नाही. तिचे आईबाप अजून वाट बघतायत.

शनिवार, १३ डिसेंबर

मी सुशांतला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, तू स्ट्रेस घेतेस, चल, डिलिव्हरीपर्यंत काकूंकडे राहा. मी दहा मिनिटांत बॅग भरली.

गाडी त्या बुटक्या भिंतीशी आली आणि पोटात अशी कळ उठली की मी किंचाळले. सुशांतनं घाबरून गाडी मागे घेतली. घराशी आलो तशी कळ थांबली. पुन्हा निघालो, पुन्हा त्याच जागी. तिसऱ्यांदा रक्त दिसलं.

डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या, भल्या आहेत. खोट्या कळा म्हणाल्या, पण जपायला हवं. प्रवास बंद. पलंगावर पडून राहायचं.

गाडी मागे घेताना मला भिंतीच्या आत दिसलं. सुझानच्या दगडावर करंजी नव्हती. पाव होता. ताजा, वाफा येत होत्या.

सोमवार, ५ जानेवारी २००४

आईशी फोन. भीती वाटते एवढंच सांगितलं, उगाच तिचा जीव टांगणीला नको. फोन ठेवताना चुकून तोंडातून गेलं, बरं, जाते गं आई. ती केवढ्यानं ओरडली! पोटुशी बाईनं असलं अभद्र बोलू नये, येते म्हण, आधी येते म्हण. मी म्हणू शकले नाही. तो शब्द आता या घरात माझ्या तोंडून निघत नाही. नुसती रडले.

बाळ छान हलतं. संध्याकाळी जास्त. मी त्याला सांगते, तू माझं आहेस. कुठल्याही गार्नोचं नाहीस.

शुक्रवार, १६ जानेवारी

वरचा हीटर बंद पडला. बाहेर इतकी थंडी की खिडकीला आतून बर्फ. माणूस सोमवारी येणार. सुशांतनं माझा पलंग खाली आणला — चुलीमागच्या खोलीत. सगळ्यात उबदार तीच आहे म्हणाला. मी पाया पडले त्याच्या. अक्षरशः. तर मला कुशीत घेऊन म्हणतो, आशू, जरा प्रॅक्टिकल हो ना, बाळाला थंडी लागेल.

प्रेमानं करतोय. तेच भयंकर आहे.

रविवार, १८ जानेवारी

दुपारी डोळा लागला होता. कुणीतरी डोक्याला तेल चोळत होतं. आईसारखंच, टाळूवर आधी थापून. इतकं बरं वाटलं, मी झोपेतच म्हटलं, आई, थोडं कानामागे. हात कानामागे गेला.

मग आठवलं, आई नागपूरला आहे.

उशी तेलकट आहे. सुशांतला हुंगायला लावली. त्याचा चेहरा उतरला. इन्सुलेशन म्हणाला नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

हीटर दुरुस्त झाला, पण मला वर नेता येत नाही. उंबरठ्यावर कळ येते. आता भिंतीपर्यंतसुद्धा नाही. खोलीच्या दाराशीच.

डोरथींना फोन करून विचारलं, बोजा कमी कसा करतात तुमच्याकडे? त्या म्हणाल्या, ज्याचा हक्क त्यानं सोडायचा. हक्क एस्तेरचा — आणि गार्नोंच्या लेखी मीच एस्तेर —

रविवार, २५ जानेवारी

ती दिसते आता. दिवसाउजेडी. पायाशी बसलेली असते, पांढरी टोपी, मान खाली, शिवत. वाईट नाही चेहरा. लेक घरी आली की कुठल्याही आईचा असतो तसा —

मागे दाराशी पुरुष उभा असतो. तो माझ्याकडे बघत नाही. पोटाकडे बघतो.

बुधवार, २८ जानेवारी

बर्फ. वीज गेली. कळा खऱ्या आहेत. अँब्युलन्स निघाली म्हणाले, सुशांत बाहेर वाट मोकळी करतोय. फावड्याचा आवाज येतोय. मी हाका मारल्या — दार लागलंय — त्याला ऐकू जात नाही

तिनं माझा हात धरलाय. ऊबदार हात. एस्तेर म्हणते मला. दुसऱ्या हातानं लिहितेय

चूल पेटली आहे. विटांच्या आत —

कळ गेली. पुढची येईल त्याआधी. सुचलं मला. शब्दानं बांधलं ते शब्दानंच सुटेल. बाबा म्हणायचे, तोंडी दिलेलं तोंडीच परत घ्यावं, फक्त स्पष्ट बोलावं. हक्क माझा ना, मग मी सोडते. आई, रागावू नकोस. अभद्र तर अभद्र

म्हटलं. मोठ्यानं. त्यांना कळेल असं पण म्हटलं. मी जाते.

हात सोडला तिनं! दार उघडलं, गार वारा आला, सुशांत दिसतोय — कळा थांबल्या. एकदम थांबल्या

ती मान हलवतेय. जा म्हणतेय. हसून

बाळ हलत नाहीये

पोट हलकं — का हलकं —

मी म्हणाले. मी जाते म्हणाले. आईनं राहावं की जावं ही तिची — काकू, तुम्ही सांगितलं होतं, नुसतं मी म्हणू नकोस —

तिच्या मांडीवर पट्ट्या. गुंडाळलेल्या. आत काहीतरी हललं. रडलं

नाही नाही ऐका चुकलं माझं. मी नाही. आम्ही. दोघं. आम्ही जा—