जास्तीचे झालेले सरगुंडे

आई, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मागच्या खोलीत आपण दोघी सरगुंडे वळत बसायचो. खिडकीला ओलं पोतं टांगलेलं असायचं आणि ते वाळत आलं की मी उठून त्यावर तांब्याभर पाणी मारायचे. तू कणकेची बारीक दोरी करायचीस, काडीभोवती गुंडाळायचीस आणि काडी अशी ओढून घ्यायचीस की गुंडाळी जशीच्या तशी ताटात वाळायला बसायची. माझी काडी निघता निघता सगळं उकलून टाकायची. "घाई नको करू वो बाई," तू म्हणायचीस, "सरगुंडा हाय, साडीचा फॉल नाई." शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर आम्हाला प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात आपल्या नावाचं अक्षर भरायला लावायच्या. आपण केलेल्या कामावर आपली खूण हवी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी एकदा तुला विचारलं की सरगुंड्यावर नाव कुठे काढायचं. तू काडीवरून नजर न काढता म्हणालीस, "खानाऱ्याच्या पोटात. तिकडंच जाते ते."

आपल्याकडे आंब्याचे दिवस आले की जावयाला रसाचं जेवण. त्या ताटात रसाबरोबर उकडलेले सरगुंडे हवेतच, आणि ते घरच्या बाईच्या हातचेच हवेत. विकतचे वाढले असं कळलं तर ती बाई वर्षभर नातेवाइकांच्या तोंडी. पण तेव्हाही आपल्या सिंदी मेघेत शाळेत, कचेरीत जाणाऱ्या बायका होत्या, काहींची बोटं धरली होती, काहींना कधी जमलंच नव्हतं. तू त्यांच्यासाठी करायचीस. बाबांच्या कारकुनाच्या पगारात माझी कॉन्व्हेंटची शाळा बसत नव्हती, ती या सरगुंड्यांत बसली. पण तू विकतेस असं तुझ्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही. हळदीकुंकवाला गेलीस की निघताना दारात हळूच म्हणायचीस, "माह्याइथं जास्तीचे झाले वो, मुंग्या लागतीन. तुमी नेता काय थोडेसे?" आणि ती बाई तुझ्यावर उपकार केल्यासारखी म्हणायची, "वाया काऊन घालवता? पाठवा." दुसऱ्या दिवशी तिचा स्वतःचा डबा मागच्या दाराने यायचा. तिच्याच डब्यात भरून, वर चार आंबे ठेवून, फडक्यात बांधून मी तो पोचवायचे. रस्त्यात कोणी विचारलं तर आंबे द्यायला चालले आहे, एवढंच सांगायचं. दरवर्षी तुझे जास्तीचे इतके कसे होतात, हे गल्लीत कोणीही विचारलं नाही.

मला ते सगळं लपवाछपवीचं वाटायचं. मला वाटायचं, तुला विकायची लाज वाटते. आज कळतं की लाज तुझी नव्हतीच, त्या बायकांची होती, आणि ती तू त्यांच्या डब्याबरोबर झाकून द्यायचीस.

बाबांच्या साहेबांकडचं ते जेवण मला अजून दिसतं. त्यांचा नवा जावई नागपूरहून आला आहे, आपल्यालाही बोलावलं आहे. तू त्या दिवसासाठी ठेवलेली अबोली साडी नेसली आहेस. आदल्याच आठवड्यात त्यांचा पितळी कडीचा डबा मी स्वतः पोचवलेला. जावई तिसऱ्यांदा रस घेतो आणि विचारतो, "आई, हे तुम्हीच वळले का? आमच्या नागपूरले असे नाई भेटत." साहेबांची बायको पदर सावरते. "मंग काय, बाजारातले आनून वाढीन काय तुमाले? दोन दिवस पाठ मोडली माही." माझं तोंड उघडतं, आणि पाटाआडून तुझा चिमटा बसतो. मग तू, माझी आई, सगळ्यांदेखत म्हणतेस, "हात लई बारीक हाय वहिनी तुमचा. मले तं असे जमतच नाई." त्या हसतात. "शिकवीन ना तुमाले, येजा एखाद्या दिवशी."

परत येताना मी रडकुंडीला आले होते. "काऊन खोटं बोलली तू?" तू म्हणालीस, "खोटं काय बोलली? हात बारीकच हाय तिचा. बांगड्या पाह्य किती लहान लागते तिले." आणि तू इतकी हसलीस की मलाही हसू आलं. पण घरी आल्यावर न्हाणीघरात पाय धुताना तू बादलीकडे पाहत म्हणालीस, "एकडाव तरी वाटते माय, कोनी म्हणाव, का हे हिच्या हातचे होय." मी दारातच उभी होते. तू मला पाहिलं नव्हतंस. पाहिलं असतंस तर बोलली नसतीस.

ते वाक्य घेऊन मी एवढी वर्षं काढली. तू गेलीस, माझी शिकवण्याची नोकरी झाली, निवृत्तीही झाली. दोन वर्षांपूर्वी सुनेने नागपूरची नोकरी सोडली आणि म्हणाली, "मम्मी, घरूनच काही तरी सुरू करू." तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. सरगुंडे, म्हटलं. आणि पाकिटावर माझ्या आईचं नाव. मोठ्या अक्षरात, भोवती आंब्याच्या पानांची वेल. सून म्हणाली, "आधी गिऱ्हाईक कोण ते बघू, मग नाव." मी म्हणाले, "गिऱ्हाईक नंतर येईल. नाव आधी." आधी छापून आणलं ते नावच.

तरी ती तिच्या पद्धतीने फिरली, मला सोबत घेऊन. ओळखीच्या घरोघरी, शिक्षिका, बँकेतल्या बायका, सिंदी मेघेत आणि पार आंजीपर्यंत. आम्ही दिवाणखान्यात बसायचो, त्या घरच्या सासूबाई समोरच्या खुर्चीवर, त्यांची सून चहा घेऊन आलेली. आमची सून विचारायची, "तयार सरगुंडे मिळाले तर घ्याल का?" सासूबाई लगेच म्हणायच्या, "आमच्या इथं नाई बा चालत विकतचं. आमची सूनच करते सगळं." आणि ती सून मान हलवायची. काही घरी मात्र सासू नव्हती, तिथे "अरे वा, नक्की घेऊ" ऐकू यायचं, कारण दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. आम्ही त्या होकारांवर खूश झालो. उन्हाळाभर वळलं. माझी बोटं आता काडी धरत नाहीत, मी फक्त कणिक भिजवते. वळते ती सून. तिचा हात, आई, तुझ्यासारखा आहे. काडी निघते आणि गुंडाळी जागची हलत नाही.

बायकांच्या प्रदर्शनात आम्ही टेबल लावलं. पापड गेले, खारोड्या गेल्या, शेवया गेल्या. सरगुंड्यांचं पाकीट बायका हातात घ्यायच्या, उलटंसुलटं करायच्या, तुझं नाव वाचायच्या आणि ठेवून द्यायच्या. एक जण मैत्रिणीला म्हणाली, "घेतलं अस्तं वो, पन कचऱ्यात पाकीट दिसन ना." दोघी हसत पुढे गेल्या. सगळी पाकिटं तशीच परत आली.

मग एका संध्याकाळी मागच्या दाराची कडी वाजली. माझ्याच शाळेतली जुनी सहकारी, हातात स्टीलचा डबा. "बाई, जास्तीचे झाले असतील ना तुझ्याकडे?" तिने विचारलं. "पाकीट नको गं. यात भरून दे. रविवारी जावई येणार आहे."

सून स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. सहकारी डबा ठेवून गेली. दुसऱ्या दिवसापासून सुनेने पुन्हा विचारायला सुरुवात केली, आणि या वेळी दिवाणखान्यात नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत, बस स्टॉपवर, दुपारी फोनवर, बाई एकटी असेल तिथे. घ्याल का, हे विचारलंच नाही. विचारलं, "जावई आला की काय वाढता? कोण करतं? जमलं नाही तर काय करता?" आणि बायका बोलायला लागल्या की थांबेनात. एकीने आर्वीची मावशी सांगितली, जी दरवर्षी गुपचूप डबा पाठवते. आंजीच्या एका मुलीने सांगितलं, ती सासरी आल्यापासून माहेरचेच सरगुंडे आपले म्हणून वाढते आणि आता आईला दिसत नाही, पुढच्या वर्षी काय करायचं कळत नाही. हे सांगताना ती फोनवर रडली, म्हणे.

जेवणाच्या टेबलावर सून म्हणाली, "मम्मी, आपण चुकलो. आपलं गिऱ्हाईक सरगुंडे खाणारा नाही, वाढणारी आहे. आणि तिला नुसते सरगुंडे नको आहेत. 'मीच केले' म्हणता आलं पाहिजे."

"मग?"

"मग पाकिटावर नाव नको." ती हळूच म्हणाली. "कोणाचंच नको."

मी उठून गॅलरीत गेले. थोड्या वेळाने ती मागून आली. म्हणाली, पुण्यात, बंगलोरला नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या मुली आहेत, त्यांना विकतचं खायची लाज नाही, उलट गावचं नाव दिसलं की जीव लागतो. त्यांच्याकडे नावासकट पाकिटं पाठवू. इथे फक्त डबे. निर्णय तुमचा.

बरोबरच बोलत होती. त्याचंच वाईट वाटलं. म्हणजे तुझं नाव जाणार कुठे, तर जिथे तुला एकही माणूस ओळखत नव्हता तिथे. आणि ज्या गल्लीत त्या म्हाताऱ्या अजून पेपर वाचत ओट्यावर बसतात, ज्यांनी तुझे सरगुंडे जन्मभर आपले म्हणून वाढले, तिथे पुन्हा उघडा डबा, वर चार आंबे. मला वाटलं होतं न्हाणीघरातलं तुझं वाक्य मी पुरं करीन. आज दुपारी बसून, पुण्यासाठी थोडी बाजूला ठेवून, परत आलेली बाकी सगळी पाकिटं फोडली आणि सरगुंडे स्टीलच्या पिंपात ओतले. तुला राग यायला हवा होता, आई. पण मला माहीत आहे, तू म्हणाली असतीस, "मंग? विकले गेले ना?"

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक गोष्ट सांगते. गेल्या महिन्यात माझा जावई आला होता. मी सरगुंडे पाकिटातून काढून डब्यात ओतले आणि पाकीट केराच्या डब्यात तळाशी दाबलं. त्याने विचारलं, "आई, हे तुम्ही वळले?" मी म्हणाले, हो. सून शेजारी रसाचं पातेलं घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या वाटीत आणखी एक पळी रस घातला.

तेव्हा उद्या असं करायचं. माझ्या शाळेतल्या त्या सहकारीचा डबा मागच्या दाराने, वर आंबे ठेवून. आंजीच्या मुलीला, जिच्या आईला दिसत नाही, जरा जास्त भरून, आणि पुढच्या वर्षीही मिळतील असं तिला सांगायचं. पुण्याची पाकिटं तुझ्या नावाची. आणि एक पाकीट जावयाच्या घरी. त्यावर तुझ्या नावाखाली सुनेचं नाव मी पेनने लिहीन, आणि ते मी स्वतः, पुढच्या दाराने, नेऊन देईन.